किंग्ज हवाइयन रोल्स : चाळीस पोरांच्या हॅम-चीज स्लायडरसाठी याहून सोयीचा पाव मला मिळालेला नाही

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मूल हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये, म्हणजे मैदानावर चालत वाजवणाऱ्या बँडमध्ये, गेलं की ऑगस्टच्या शेवटापासूनचे शुक्रवार अख्ख्या घराचे जातात. संध्याकाळी सातला फुटबॉलची मॅच, बँडची पोरं शाळेत साडेचारला हजर, आणि गणवेश चढवायच्या आधी जेवायला वीसेक मिनिटं. हे जेवण पालकांनी आळीपाळीने करायचं अशी आमच्याकडे पद्धत आहे. पोरं चाळीसच्या आसपास, सगळी चौदा ते अठरा वर्षांची आणि सगळी भुकेली. ताट-चमचा चालत नाही, रस्सा चालत नाही, बाहीवर ओघळेल असं काहीही चालत नाही. उभ्या-उभ्या एका हाताने खाता आलं पाहिजे आणि रात्री दहापर्यंत पोटाला आधार राहिला पाहिजे.

या सगळ्या अटींत बसतात ते ओव्हनमध्ये भाजलेले हॅम-चीज स्लायडर, म्हणजे हॅम (खारवलेलं डुकराचं मांस) आणि चीज घातलेलं दोन-तीन घासांचं छोटं गरम सँडविच. पाव कुठला घ्यायचा यावर मी भरपूर प्रयोग केलेत. दुकानांच्या स्वतःच्या छापाचे स्वस्त रोल घेतले, बेकरीतले डिनर रोल घेतले, हॅम्बर्गरचे छोटे बन घेतले. आता मात्र किंग्ज हवाइयनच्या केशरी पाकिटापलीकडे मी जात नाही. हे परीक्षण त्या पावाचं आहे. पण पाव एकटा काही करू शकत नाही. हॅम, चीज आणि वर ओतायचं लोणी त्याला साजेसं असेल तरच तो खुलतो, म्हणून तेही सविस्तर सांगते. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच 'या शुक्रवारी तुमची पाळी' असा निरोप आलाय त्यांना उपयोग होईल.

पाकिटात बारा रोल असतात, एकूण १२ औंस, म्हणजे ३४० ग्रॅम. एक रोल जेमतेम २८ ग्रॅमचा. महत्त्वाची गोष्ट ही की रोल सुटे नसतात. चार-तीनच्या रांगेत, कडांना एकमेकांना चिकटलेली अशी एक सलग लादी असते, आपल्याकडच्या बेकरीत मिळते तशी. गर्दीसाठी करताना सगळा फायदा इथेच आहे. चाळीस पोरांना तीन-तीन म्हणजे १२० सँडविच. सुटे बन घेतले तर १२० वेळा सुरी फिरवायची, १२० वेळा भरायचं, १२० झाकणं जुळवायची. इथे दहा लाद्या, दहा काप. अख्खी लादी आडवी कापायची, वरचा भाग झाकणासारखा उचलायचा, खालच्या भागावर चीज-हॅम अंथरायचं, झाकण परत ठेवायचं. संध्याकाळी नोकरीवरून येऊन एकटीने हे करायचं असेल तर फरक फार मोठा पडतो.

दुसरा फायदा भाजताना कळतो. कडा जुळलेल्या असल्यामुळे लोणी फटींतून हळूहळू मुरतं आणि प्रत्येक रोलच्या बाजू मऊच राहतात. फक्त वरचा पापुद्रा खरपूस होतो. सुट्या बनचं तसं होत नाही, त्यांच्या चारही बाजू वाळतात आणि गार झाल्यावर चिवट लागतात. एका दुकानाच्या स्वतःच्या छापाचे रोल दिसायला अगदी असेच होते, पण कापताना लादीचे तुकडे पडले आणि लोणी ओतल्यावर तळाचा लगदा झाला. किंग्जचा पाव मऊ असूनही आतून दाट आहे. त्यात अंडं, दूध आणि साखर असल्यामुळे तो लोणी पितो, पण विरघळून जात नाही.

हा पाव हवाईत आला तो पोर्तुगीजांमुळे. उसाच्या मळ्यांवर काम करायला १८७८ पासून मदेरा आणि अझोर्स बेटांवरून लोक हवाईत गेले आणि दूध-अंड्याचा गोड पाव त्यांनी सोबत नेला. ओकिनावाहून आलेल्या जपानी आईबापांचा मुलगा रॉबर्ट तायरा याने १९५० मध्ये हिलोत बेकरी उघडली, तिथे तो हा पाव करू लागला. पुढे १९६३ मध्ये बेकरी होनोलुलूच्या किंग स्ट्रीटवर आली आणि रस्त्याचं नाव बेकरीला लागलं. १९७७ पासून कॅलिफोर्नियातल्या टॉरन्समध्ये कारखाना आहे. पोर्तुगीजांच्याच हातून गोव्याला आणि पुढे आपल्या मुंबईला पाव मिळाला, त्यामुळे लादी उचलताना मला तो परका वाटत नाही. दोन महासागरांपलीकडे गेलेला एकाच घराण्यातला पाव आहे.

आता कापण्याबद्दल. पाव ताजा आणि मऊ असेल तर सुरीखाली दबतो आणि फाटतो. कापायच्या आधी पाकीट अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, किंवा आदल्या रात्री फ्रीजमध्ये. लांब, करवतीच्या दातांची पाव कापायची सुरी घ्या. लादी फळीवर सपाट ठेवून डावा तळवा वरून हलकेच टेकवायचा आणि सुरी फळीला समांतर ठेवून लांब-लांब ओढायची, खाली दाबायची नाही. मधल्या रोलपर्यंत पोचलं की लादी अर्धं वर्तुळ फिरवून दुसऱ्या बाजूने यायचं. तळाचा भाग वरच्यापेक्षा थोडा जाड ठेवा, ओझं त्यालाच पेलायचं असतं. कंपनी आधीच कापलेले स्लायडर बनही विकते. घाईत असाल तर तेही ठीक, पण अख्खी लादी आपल्या हाताने कापली की झाकण एकसंध राहतं आणि भाजलेला ट्रे दिसतोही देखणा.

कापलेला तळ ट्रेमध्ये ठेवून, वर काही न घालता, ३५० डिग्री फॅरनहाइटला पाच मिनिटं भाजून घ्या. सेल्सिअसमध्ये साधारण १७५. ही पायरी बहुतेक जण वगळतात. पण हे स्लायडर ओव्हनमधून निघून पोराच्या तोंडात जाईपर्यंत तासभर सहज जातो आणि त्या तासाभरात वाफ तळात उतरते. आधी शेकलेला तळ ती वाफ सोसतो.

हॅमबद्दल थोडं जास्त बोलते, कारण स्लायडर बिघडतात ते इथे. अमेरिकेत हॅमच्या पाकिटावर काय लिहायचं याचे सरकारी नियम आहेत आणि ते मांसातल्या प्रथिनांवर ठरतात. चरबी वगळून उरलेल्या भागात किमान २०.५ टक्के प्रथिनं असतील तरच नुसतं 'हॅम' असं लिहिता येतं. १८.५ टक्के असतील तर 'हॅम विथ नॅचरल ज्यूसेस', १७ टक्के असतील तर 'हॅम वॉटर अॅडेड', आणि त्याहून कमी असतील तर 'हॅम अँड वॉटर प्रॉडक्ट'. शेवटच्या प्रकारात तर घातलेल्या पाण्यासकट किती टक्के भर आहे तेही छापावं लागतं. ओव्हनमध्ये ते सगळं पाणी बाहेर येतं आणि जातं थेट पावात. पौंडामागे दोन डॉलर वाचवायला पाणीवालं हॅम घेतलंत तर पाकिटातलं वजन पाण्याचं आणि तळाला चिखल. मी डेली काउंटरवरून, म्हणजे दुकानात मांस-चीज कापून देतात तिथून, नुसतं 'हॅम' किंवा 'नॅचरल ज्यूसेस'वालं ब्लॅक फॉरेस्ट हॅम घेते. पाव गोड आहे, म्हणून हनी हॅम घेत नाही. गोडावर गोड झालं की दुसरा स्लायडर खाववत नाही.

काउंटरवर काप पातळ मागा, जवळजवळ कागदासारखे, आणि घरी अंथरताना सपाट न ठेवता सैल चुण्या घालून ठेवा. जाड काप दातांनी तुटत नाही, पोरगं घास ओढतं आणि अख्खा तुकडा पावातून बाहेर येतो. पातळ काप चुण्यांत ठेवले की मध्ये हवा राहते, चीज त्या फटींत उतरतं आणि घास सहज तुटतो. अंथरण्याआधी हॅम कागदी रुमालावर पसरून वरून दुसऱ्या रुमालाने टिपून घ्या. रुमाल चिंब होतो, तेवढं पाणी पावात जायचं वाचलं. बारा रोलच्या एका लादीला पाऊण पौंड हॅम पुरतं.

चीजमध्ये माझी पसंती खाली स्विस आणि वर प्रोव्होलोन. दोन्ही वितळून ताणतात, दोन्ही सौम्य आहेत. हॅमच्या वर आणि खाली दोन्हीकडे चीज हवंच. ते वितळून पावाला चिकटतं, त्यामुळे खाताना थर घसरत नाहीत, आणि खालचा थर हॅमचा ओलावा अडवतो. खूप मुरलेलं शार्प चेडर चवीला छान असलं तरी तापल्यावर तेल सोडतं आणि दाणेदार होतं. अमेरिकन चीजमध्ये पाणी आणि स्निग्धांश बांधून ठेवणारे क्षार असतात, म्हणून ते एकजीव वितळतं. लहान मुलांच्या पार्टीला मी वरच्या थरात तेच घालते. मोठ्या पोरांना स्विसची चव आवडते. एका लादीला दोन्ही मिळून अर्धा पौंड चीज.

वर ओतायचं लोणी हा या पदार्थाचा प्राण. एका लादीला मी ८५ ग्रॅम लोणी घेते, म्हणजे अमेरिकन लोण्याच्या कांडीचा पाऊण भाग. पाककृतींमध्ये बहुतेकदा अख्खी कांडी लिहिलेली असते, पण हा पाव मुळात लोणकट आहे आणि गणवेशाच्या कडांना तेलकट बोटं नकोत. वितळलेल्या लोण्यात एक मोठा चमचा दिजों मस्टर्ड (मोहरीचा झणझणीत सॉस), दोन छोटे चमचे वूस्टरशर सॉस, एक मोठा चमचा वाळवलेला बारीक कांदा आणि एक मोठा चमचा खसखस. इथली खसखस काळी-निळी असते. आपली पांढरीही चालते, फक्त ती वर उठून दिसत नाही. साखर कुणी सुचवली तरी घालू नका. पाव पुरेसा गोड आहे, मस्टर्ड आणि कांद्याचं काम त्या गोडाला धरून ठेवायचं आहे.

खसखशीबद्दल एक गोष्ट. आमच्या बँडमध्ये काही मुलांचे आईवडील सैन्यात आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळायला सांगितलं, कारण ती खाल्ल्याने लघवीच्या तपासणीत अफूचे अंश दिसू शकतात. मोठी माणसंही जेवणार असतील तर एक ट्रे खसखशीशिवाय करा आणि तसं लिहून ठेवा. तिच्याऐवजी तीळ घालायचा मोह होतो, पण जानेवारी २०२३ पासून इथे तिळाचा समावेश मुख्य अॅलर्जींच्या सरकारी यादीत झालाय आणि आमच्या बँडमध्ये तिळाची अॅलर्जी असलेली पोरं आहेत. मी त्या ट्रेवर फक्त कांदा आणि थोडी भरड मिरी घालते.

लोणी कधी ओतायचं यावर पुष्कळ वाद आहेत. माझं मत पक्कं आहे: निम्मं भाजायच्या आधी, निम्मं नंतर. आधीचं निम्मं चमच्याने फटींत सोडायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं. मग ट्रेवर फॉइल तंबूसारखी ठेवायची, पावाला चिकटू द्यायची नाही, नाहीतर वरचा पापुद्रा फॉइलबरोबर निघून येतो. ३५० डिग्रीला पंधरा मिनिटं झाकून, मग फॉइल काढून पाच-सात मिनिटं. वरचा भाग पिंगट झाला आणि कडेला चीज बुडबुडताना दिसलं की काढा आणि राहिलेलं लोणी ब्रशने वर फिरवा. आधी ओतलेलं चव देतं, नंतरचं चकाकी देतं आणि खसखस जागेवर राहते. फ्रीजमधून थेट काढलेल्या ट्रेला दहा मिनिटं जास्त लागतात. आदल्या रात्री भरून ठेवायला काहीच हरकत नाही, फक्त लोणी तेव्हा ओतू नका. ते वेगळ्या वाटीत ठेवून दुसऱ्या दिवशी पातळ करा.

भाजण्यासाठी १८ बाय १३ इंचांचं अॅल्युमिनियमचं हाफ शीट पॅन घ्या, त्यात दोन लाद्या शेजारी-शेजारी बसतात. टाकाऊ फॉइलचे ट्रे न्यायला हलके, पण भरल्यावर मधून वाकतात. उचलताना ट्रे वाकला की लादी मधोमध मोडते आणि वितळलेलं चीज मोकळं पडतं. फॉइलचा ट्रे वापरायचाच असेल तर तो शीट पॅनवर ठेवूनच ओव्हनमध्ये सरकवा आणि तसाच गाडीत न्या.

न्यायचं कसं, हाही प्रश्न असतोच. पिकनिकचा बर्फाचा कूलर गरम ठेवायलाही तितकाच कामाचा. वीस मिनिटं त्यात कडकडीत गरम पाणी भरून ठेवायचं, ओतून टाकायचं, कोरडा करायचा, तळाला जाड टॉवेल आणि त्यावर फॉइलने झाकलेले ट्रे. सरकारी सल्ला असा की गरम अन्न १४० डिग्री फॅरनहाइटच्या वर ठेवावं आणि त्याखाली आलं तर दोन तासांच्या आत संपवावं. बाहेर ९० डिग्रीच्या वर उकाडा असेल तर तासाभरातच. ऑगस्टमध्ये बँडच्या खोलीबाहेर टेबल मांडलं की ही दुसरी अट लागू पडते. कोंडलेली वाफ पाव ओला करते, म्हणून पोचल्याबरोबर फॉइलचा एक कोपरा उघडा.

आता शाकाहारी ट्रे. हे माझ्या मनाच्या फार जवळचं आहे. आमच्या बँडमध्ये गुजराती, तेलुगू, तमिळ, मराठी घरांतली पोरं आहेत, काही मुस्लिम आणि ज्यू पोरं आहेत, आणि इतर पालकांच्या पाळीला यांच्या वाट्याला कायम उरलेलं येतं: हॅम काढून टाकलेला पाव, किंवा चिप्सचं पाकीट. चार तास ट्रम्पेट वाजवणाऱ्या पोराला चिप्स पुरत नाहीत. हॅमऐवजी टर्की घातली की झालं असंही नाही, कारण दुकानातली साधी टर्की हलालही नसते आणि कोशरही (ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे) नसते. हलाल पाळणाऱ्या घरांशी बोलल्यावर त्यांनीच सांगितलं की मांस नसलेला ट्रे नीट केलात तर उत्तम. कोशर पाळणाऱ्या घरांतली रीत घरागणिक वेगळी, तिथे त्या पोराच्या आईला आधी विचारायचं. म्हणून तीन लाद्या मी भाजीच्या करते आणि त्या आधी भाजते, वेगळ्या फळीवर, वेगळ्या सुरीने.

त्यात काय घालते? उकडलेल्या बटाट्याचे पातळ काप, वर मीठ-मिरी आणि चिमूटभर चाट मसाला. लोण्यात परतून पाणी आटवलेला कांदा आणि ढोबळी मिरची. आणि वरच्या पावाला आतून हिरवी चटणी. चीज पेपर जॅक, म्हणजे मिरचीचे तुकडे घातलेलं. चटणी घट्टच हवी. घरी आपण शेंगदाणे घालतो, पण शाळेत शेंगदाणा नको, म्हणून डाळं घालून वाटते. डाळं ओलावा धरून ठेवतं आणि चटणी पावात झिरपत नाही. टोमॅटो आणि काकडी नको, दोन्ही ओव्हनमध्ये पाणी सोडतात. चटणीतलं लिंबू आणि पावाचा गोडवा यांचं इतकं छान जमतं की हॅम खाणारी पोरंही या ट्रेकडे वळतात. पहिल्यांदा ट्रे मांडल्यावर ट्युबा वाजवणाऱ्या एका आडदांड पोराने हॅमचे चार संपवून हिरव्याचे तीन घेतले. तेव्हापासून भाजीच्या ट्रेशेजारी मी स्वतः उभी राहते, ज्यांच्यासाठी केलाय त्यांना आधी मिळेपर्यंत.

इथे तीन गोष्टी पाहाव्या लागतात आणि तिन्ही छोट्या अक्षरांत दडलेल्या असतात. पहिली, वूस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही म्हणजे मासे असतात. भाजीच्या ट्रेच्या लोण्यात मी तो घालत नाही. थोडा सोया सॉस आणि अर्धा चमचा चिंचेचा कोळ घालते. मूळ सॉसमध्येही चिंच असतेच, त्यामुळे चव जवळ जाते. दुसरी, चीजमधलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं एन्झाइम, ते वासराच्या पोटातूनही काढतात. १९९० मध्ये इथल्या अन्न खात्याने आंबवून तयार केलेल्या कायमोसिनला (रेनेटमधल्या मुख्य एन्झाइमला) परवानगी दिली आणि आता अमेरिकेतलं बहुतेक चीज त्यावरच होतं, पण पाकिटावर नुसतं 'एन्झाइम्स' लिहिलं असेल तर ते कुठून आलं हे कळत नाही. 'व्हेजिटेबल' किंवा 'मायक्रोबियल' रेनेट असं स्पष्ट लिहिलेलं घ्या. तिसरी, आणि या परीक्षणासाठी सगळ्यात महत्त्वाची: या रोल्समध्ये अंडं आहे. अंडं न खाणाऱ्या घरांसाठी हा पाव चालणार नाही, आणि हे त्या घरांना सांगायला हवं, कारण गोड मऊ पाव बघून कुणाला शंका येत नाही. त्या पोरांसाठी मी बिनअंड्याचे साधे बन वेगळ्या छोट्या ट्रेमध्ये करते.

पावात उणं काय, तर गोडवा. तो कमी-जास्त करता येत नाही. ज्यांना हॅम-चीज म्हणजे निव्वळ खारट, तिखट हवं त्यांना तो खटकेल. त्यांच्यासाठी कंपनीचेच सेव्हरी बटर रोल आहेत, त्यांचा गोडवा कमी आहे. भाजीच्या ट्रेला मी कधी-कधी तेच घेते, पण हॅमला मात्र गोडच पाव हवा. खारवलेल्या मांसाशी गोडाचं नातं जुनं आहे, इथे ईस्टरच्या हॅमवर मध आणि अननस लावतात ते उगाच नाही. किमतीचं म्हणाल तर आमच्याकडे बारा रोलचं पाकीट चार-पाच डॉलरच्या आसपास पडतं. दुकानाच्या छापाचे रोल बरेच स्वस्त. दहा पाकिटांना हा फरक जाणवतो. थँक्सगिव्हिंग आणि ईस्टरच्या आधी सवलती असतात, तेव्हा घेऊन फ्रीझरमध्ये टाकते. माझ्या हिशेबात पाव महाग आहे, पण मेहनत वाचते आणि तळाचा लगदा होऊन ट्रे फेकावा लागत नाही, म्हणून पैसे वसूल.

चाळीस पोरांची यादी अशी: दहा लाद्या, त्यातल्या सात हॅमच्या आणि तीन भाजीच्या. हॅम सव्वापाच पौंड. चीज सगळं मिळून पाच पौंड. लोणी दोन पौंडांना थोडं कमी. सोबत सफरचंदाच्या फोडी आणि पाणी, बास. आणखी पदार्थ मांडले की रांग थांबते.

दक्षिणेकडच्या राज्यांत हेच सँडविच मयताच्या घरी नेतात, आपल्याकडे शेजारी पिठलं-भात करून आणतात तसंच. आमच्या एका शेजाऱ्यांच्या घरी आजी गेल्या तेव्हा मी दोन लाद्या अर्ध्या भाजून नेल्या. पाहुणे येतील तसं त्यांना ओव्हनमध्ये सरकवता आलं. म्हाताऱ्या माणसांसाठी आणि गरोदर बायकांसाठी मात्र डेलीचं हॅम पूर्ण तापवायचं, आतून १६५ डिग्री. लिस्टेरिया नावाच्या जंतूच्या भीतीने इथे तसा सल्ला देतात. थर्मामीटर मधल्या रोलमध्ये खुपसून बघा, कडेच्या नाही, मधला सगळ्यात शेवटी तापतो. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीलाही मी भाजीचा ट्रे नेते, तिथे चटणीत हिरवी मिरची दुप्पट.

बँडसाठी करणार असाल तर एक लादी फॉइलमध्ये गुंडाळून कूलरमध्येच राहू द्या. ड्रमवाली पोरं ट्रकमध्ये सामान चढवून सगळ्यांच्या शेवटी येतात, तोवर टेबल साफ झालेलं असतं. आणि पाकिटं फ्रीझरमध्ये ठेवताना एकावर एक रचू नका. खालची लादी चेपली की गोठल्यावर तशीच राहते आणि कापताना वरचा भाग कुठे आणि खालचा कुठे, कळत नाही. उभी ठेवा, आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवा, आणि न उघडता सुटू द्या.